विद्यार्थ्याचे बिऱ्हाड, संसाऱ्याचे बिऱ्हाड

आमच्या चर्चच्या मागच्या अंगाला, जुन्या विहिरीपलीकडे, धर्मग्रामाच्या मालकीच्या तीन खोल्या आहेत. कौलारू छपराच्या आणि पुढे लांब ओटा असलेल्या ह्या खोल्यांत एके काळी शाळेतील शिक्षक राहत. शेवटचे शिक्षक-कुटुंब स्वतःच्या घरी राहावयास गेले आणि खोल्यांना कुलूप लागले. पुढे त्यांचे काय करावे हा विषय आर्थिक समितीपुढे आला, तेव्हा टेबलावर दोन अर्ज होते. एक अर्ज रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाचा होता. पत्नी, दोन मुले आणि वृद्ध आई असा त्यांचा परिवार. दुसरा अर्ज जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या नऊ मुलांचा. एकच कागद आणि त्याखाली नऊ सह्या.

समितीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी हिशेब मांडला. "फादर, कुटुंब आले की एका घराचे एक भाडे. मुले आली की डोईप्रमाणे भाडे. शिवाय कुटुंब एकदा शिरले की हलत नाही. मुले परीक्षा झाली की आपणहून जातात." त्यावर समोरच्या बाई म्हणाल्या, "जातात खरी. पण जाताना खिडकीच्या काचा आणि शेजाऱ्यांची झोप घेऊन जातात." सगळे हसले. निर्णय मात्र झाला नाही. तो पुढील बैठकीवर टाकून आम्ही उठलो.

त्या ज्येष्ठ गृहस्थांची भीती उगाच नव्हती, हे येथेच सांगितले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूला त्यामुळे मोठे संरक्षण मिळाले आणि घरमालकाला कायमची धास्ती बसली. त्यातून पळवाट म्हणून 'भाडे' न म्हणता 'लायसन्स' म्हणण्याची युक्ती निघाली, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांनाही कायद्याने भाडेकरूच मानले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा कायदा अमलात आला आणि अकरा महिन्यांचे करार सर्रास झाले. तरी 'बिऱ्हाडकरू घर बळकावतो' ही समजूत आमच्या वाडीवाडीतून अजून गेलेली नाही. ज्याच्यापाशी वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली आहे, असा प्रत्येक गृहस्थ ह्या प्रश्नापाशी एकदा तरी थबकलेला असतो.

आम्हाला वाटले होते की हा प्रश्न आपल्या काळाचा, फार तर महाविद्यालये गावागावांत पोहोचल्यानंतरचा असावा. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना आम्ही धर्मपरिषदा पाठ केल्या, पाखंडी मते पाठ केली, पोप आणि सम्राट यांच्यातील झगडे तारखांसह घोकले. घरभाडे हा शब्द त्या वर्गात कधी उच्चारला गेल्याचे आम्हाला स्मरत नाही. परंतु समितीच्या त्या बैठकीनंतर जुनी पुस्तके पुन्हा चाळली आणि ध्यानात आले, की ज्या शतकात विद्यापीठे जन्मली त्याच शतकात हा वादही जन्मला. आणि त्यात ख्रिस्तसभा कधी न्यायाधीश म्हणून, कधी पक्षकार म्हणून, तर कधी चक्क घरमालक म्हणून उभी होती.

इटलीतील बोलोन्या नगरापासून सुरुवात करू. बाराव्या शतकात रोमन कायदा आणि धर्मकायदा शिकण्यासाठी युरोपभरातून तरुण ह्या नगरात येत. ते परके होते. नगराचे नागरिकत्व त्यांना नव्हते, म्हणून नागरिकांना असलेले संरक्षणही नव्हते. सम्राट फ्रेडरिक बार्बरोसा याने ११५८ च्या सुमारास विद्येसाठी देशांतर करणाऱ्यांना अभय देणारा प्रसिद्ध हुकूम काढला खरा, पण अभयाने डोक्यावर छप्पर येत नाही. विद्यापीठाची स्वतःची म्हणावी अशी एकही इमारत त्या काळी नव्हती. गुरू भाड्याच्या खोलीत शिकवीत आणि शिष्य भाड्याच्या खोलीत झोपत. विद्यार्थी वाढले तशी घरे अपुरी पडू लागली, आणि मग मनुष्यस्वभावाप्रमाणे एका विद्यार्थ्याच्या घरावर दुसऱ्या विद्यार्थ्याने जादा भाडे बोलण्यास प्रारंभ केला. मालकाला आणखी काय हवे!

पोपच्या प्रतिनिधीने ह्या चढाओढीस बंदी घातली आणि ११८९ मध्ये पोप तिसरे क्लेमेंट यांनी ती बंदी कायम केली. ज्या घरात विद्यार्थी राहत आहेत, त्या घरासाठी कोणाही गुरूने वा विद्यार्थ्याने मालकाला अधिक भाडे देऊ करू नये, अशी ही आज्ञा. विद्यार्थ्यांच्या निवाऱ्याच्या प्रश्नात पोपने लक्ष घातल्याच्या ज्या जुन्यात जुन्या नोंदी उपलब्ध आहेत, त्यांत हिची गणना होते. आज्ञा न्यायाची होती यात शंका नाही. परंतु ती नीट वाचली म्हणजे दिसते, की तिने विद्यार्थ्याचे रक्षण केले ते दुसऱ्या विद्यार्थ्यापासून. चार विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या विणकऱ्याच्या बिऱ्हाडावर जादा भाडे बोलले, तर त्या विणकऱ्याने कोणाकडे जावे, याविषयी तीत शब्दही नाही.

विद्यार्थ्यांपाशी एक शस्त्र होते, जे संसारी भाडेकरूपाशी कधीच नसते. ते म्हणजे सर्वांनी मिळून निघून जाणे. ज्याची शेती, दुकान, मुले आणि आईबापांच्या कबरी एका गावात आहेत तो कोठे जाणार? विद्यार्थ्याला पुस्तके पाठीवर टाकली की झाले. १२०४ मध्ये बोलोन्यातील एक जथा विचेन्झास गेला. १२२२ मध्ये दुसरा जथा पादुआस गेला आणि त्यातून पादुआचे विद्यापीठ उभे राहिले. पादुआतही बिनसले तेव्हा १२२८ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी व्हेर्चेल्ली नगराशी रीतसर करार केला. तो करार वाचताना आम्ही दोनदा थांबलो. नगराने विद्यार्थ्यांसाठी पाचशे घरे द्यावीत, तीही उत्तमांतली, आणि लागल्यास आणखी द्यावीत. भाडे पाविआच्या चलनातील एकोणीस पौंडांच्या वर जाऊ नये. प्रत्येक घराचे भाडे दोन विद्यार्थी आणि दोन नागरिक यांनी मिळून ठरवावे. विद्यार्थ्यांच्या येण्याने बाजारपेठ भरभराटेल ह्या आशेने नगरपित्यांनी हे सारे मान्य केले.

पाचशे उत्तम घरे! ती काय ओस पडून विद्यार्थ्यांची वाट पाहत होती? त्यांतली काही तरी कोणा चांभाराची, कोणा सुताराची, कोणा विधवेची बिऱ्हाडे असतीलच. भाडे ठरविणाऱ्या चौघांत दोन विद्यार्थी आहेत, दोन नागरिक आहेत. बिऱ्हाड हलविणाऱ्यासाठी वेगळी जागा नाही. 'नागरिक' ह्या एकाच शब्दात घरमालकही येतो आणि भाडेकरूही येतो, आणि असा शब्द वापरला गेला की बोलतो तो बहुधा घरमालकच.

पॅरिसमध्ये गोष्ट अधिक वरच्या स्वरात गेली. पोपचे प्रतिनिधी कार्डिनल रॉबेर द कूर्सों यांनी १२१५ मध्ये त्या विद्यापीठाला नियम घालून दिले. गुरू आणि विद्यार्थी यांनी कोणकोणत्या कारणांसाठी शपथ घेऊन एकजूट करावी याची त्यात यादी आहे. कोणा विद्यार्थ्याची हत्या झाली किंवा त्याचा हात-पाय तोडला गेला तर, पोशाखासाठी, अंत्यविधीसाठी, आणि घरांच्या भाड्यासाठी. खून आणि भाडे एका यादीत! वाचून हसू येते, पण परगावी चार मुलांसोबत एका खोलीत दिवस काढलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखे फारसे दिसणार नाही. पुढे १२२९ मध्ये कार्निव्हालच्या दिवसांत मद्याच्या किमतीवरून मारामारी झाली, काही विद्यार्थी मारले गेले आणि विद्यापीठ दोन वर्षे पांगले. ते पुन्हा जुळविताना पोप नववे ग्रेगरी यांनी १३ एप्रिल १२३१ रोजी जे आज्ञापत्र दिले, त्यात घरभाडे ठरविण्याचा हक्क हिरावला गेल्यास अध्यापन थांबविण्याची मुभाच दिली आहे. घरभाड्यासाठी संप करण्याचा अधिकार, आणि तो पोपच्या मुद्रेनिशी.

आता ऑक्सफर्डकडे वळले पाहिजे, कारण आमच्या समितीतील त्या नऊ सह्यांचा कागद पाहिला तेव्हापासून आमच्या मनात ऑक्सफर्डचीच गोष्ट घोळत आहे. १२०९ साली तेथे एका विद्यार्थ्याच्या हातून एक स्त्री मरण पावली. तो पळून गेला. नगराचे अधिकारी त्याच्या बिऱ्हाडी आले, तेव्हा त्यांना सापडले ते त्याच्याबरोबर भाडे वाटून राहणारे दोघे-तिघे सोबती. त्यांना त्या घटनेची वार्ताही नव्हती असे तत्कालीन बखरकार लिहितो. पण नऊ सह्यांच्या कागदाचा अर्थच असा, की एकाचे देणे ते सर्वांचे देणे. राजा जॉन त्या काळी पोपशी वैर धरून होता आणि धर्मसेवकांविषयी त्याला ममता नव्हती. त्याच्या संमतीने त्या सोबत्यांना नगराबाहेर फाशी देण्यात आले. ऑक्सफर्ड रिकामे झाले. कोणी रेडिंगला गेले, कोणी केंब्रिजला, आणि केंब्रिजला गेले त्यांच्यामुळे तेथील विद्यापीठ सुरू झाले.

राजाचा पोपशी समेट झाल्यावर ऑक्सफर्डच्या नागरिकांनाही क्षमा मागावी लागली. पोपचे प्रतिनिधी कार्डिनल निकोलस यांनी जून १२१४ मध्ये प्रायश्चित्त ठरवून दिले. फाशीत ज्यांचा हात होता, त्यांनी अनवाणी आणि उघड्या डोक्याने त्या मुलांच्या कबरींपाशी जावे आणि त्यांची प्रेते पवित्र भूमीत नेऊन पुरावीत. हा भाग आपल्या मनाला पटण्यासारखा आहे. परंतु प्रायश्चित्ताचा खरा भार भाड्यावर होता. ज्या घरांचे भाडे पूर्वी विद्यार्थी आणि नागरिक यांनी मिळून ठरविले होते, त्या घरांचे निम्मे भाडे दहा वर्षे माफ. त्यापुढील दहा वर्षे त्या जुन्या ठरावाहून एक पेनीही अधिक नाही. जी घरे नवी बांधली असतील, त्यांचे भाडे चार गुरू आणि चार नागरिक यांनी ठरवावे. शिवाय नगराने दरसाल बावन्न शिलिंग, म्हणजे आठवड्याला एक शिलिंग, गरीब विद्यार्थ्यांना द्यावेत. आणि संत निकोलस यांच्या सणाला, ६ डिसेंबरला, शंभर गरीब विद्यार्थ्यांना जेवू घालावे. पाव, बिअर, कढण आणि मासळीचा वा मांसाचा एक पदार्थ असा बेतही लिहून ठेवला आहे. पुण्यात गरीब मुले वार लावून जेवत आणि माधुकरी मागून शिकत, हे आपण ऐकतो. ऑक्सफर्डच्या नागरिकांवर असा एक वार कार्डिनलनी कायमचा लावून दिला.

ह्या व्यवस्थेतून पुढे जे नियम वाढले ते कोणाही घरमालकाने आज वाचावेत इतके तपशीलवार आहेत. विद्यार्थी सुटेसुटे भाड्याने राहत नसत. एक जाणता विद्यार्थी वा गुरू प्रमुख होऊन अख्खे घर मालकाकडून वर्षाच्या कराराने घेई आणि त्यातील खोल्या इतरांना देई. भाड्याला आणि वर्तणुकीला जबाबदार तोच. केंब्रिजच्या जुन्या नियमाप्रमाणे असे घर हवे असणाऱ्याने संत बार्नबा यांच्या सणाच्या दिवशी, म्हणजे ११ जूनला, मालकाच्या दारी जावे आणि हमी देऊ करावी. दोन जामीन किंवा मोलाची वस्तू, बहुधा ग्रंथ, गहाण ठेवावा. ही मुदत पवित्र मरियेच्या जन्मोत्सवापर्यंत, ८ सप्टेंबरपर्यंत चाले. (आपल्याकडे वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा ज्या दिवसांत भरते, त्याच दिवसांत केंब्रिजची भाड्याची जत्रा संपत असे.) मालकाने हमी नाकारली तर विद्यार्थ्याने कुलपतीकडे जावे, आणि कुलपतीने त्याला घरात प्रवेश द्यावा. म्हणजे नकार देण्याचा अधिकार मालकापाशी जवळजवळ उरलाच नव्हता.

केंब्रिजच्या नागरिकांना १२३१ मध्ये राजा तिसरा हेन्री याने खरमरीत पत्र लिहिले. घरभाड्याच्या बाबतीत हात आवरा, नाही तर ही मुले तुमचे नगर सोडतील, असा त्याचा आशय. भाडे दोन गुरू आणि दोन भले नागरिक यांनी ठरवावे, हाही आदेश त्यात आहे. १२६६ मध्ये दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरविचार व्हावा असे ठरले. आणि ह्या सर्वांच्या पाठीशी एक रूढी दृढ होत गेली: ज्या घरात एकदा विद्यार्थी राहिले ते घर, त्यांना हवे आहे आणि ते भाडे देत आहेत तोवर, विद्यार्थ्यांचेच. मालकाला स्वतः राहावयाचे असेल तर गोष्ट निराळी. पण एखाद्या सोनाराला वा कासाराला ते द्यावे म्हटले तर देता येत नसे. बोलोन्यात तर आगळीक करणाऱ्या मालकाच्या घरावर बहिष्कार पडे आणि काही वर्षे कोणी विद्यार्थी तेथे पाऊल टाकीत नसे.

हे वाचून प्रथम आम्हाला अभिमान वाटला. परगावच्या गरीब मुलाला घरमालकाच्या लोभापासून वाचविण्यासाठी पोपने आपली मुद्रा उमटवावी, कार्डिनलने भाडे निम्मे करावे, याहून अधिक काय हवे? परंतु दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचले, तेव्हा एक गोष्ट टोचू लागली. पॅरिस आणि ऑक्सफर्ड येथील विद्यार्थी हा त्या काळच्या समजुतीप्रमाणे धर्मसेवकवर्गातला. त्याचा न्याय धर्मन्यायालयात होई. त्याचे रक्षण करताना ख्रिस्तसभा आपल्याच माणसाचे रक्षण करीत होती. त्याच गल्लीत, त्याच छपराखाली, तितकीच गरीब असलेली आणि तितकाच नेमाने बाप्तिस्मा घेतलेली माणसे भाड्याने राहत होती. त्यांच्या भाड्यासाठी चार गुरू आणि चार नागरिक कधी बसले नाहीत. एका घराचे भाडे विद्यार्थ्यासाठी बांधून टाकले, की मालक ती तूट शेजारच्या घरातील कोष्ट्याकडून भरून काढू पाहणार, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट येथे सांगणे भाग आहे. ऑक्सफर्डमधील मोठ्या घरमालकांत ओसनी येथील मठ होता. विद्यार्थ्यांची कितीतरी घरे ह्या मठाच्या मालकीची होती. १२१४ च्या प्रायश्चित्तातले ते बावन्न शिलिंग वाटण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले, त्यांतले एक ओसनीचेच मठाधिपती! भाडे घेणारे हातही आमचे आणि दान देणारे हातही आमचे. आमच्या तीन खोल्यांची किल्ली आमच्याच मेजाच्या खणात आहे, ह्याची आठवण त्या रात्री आम्हाला काही सुखाची वाटली नाही.

नगरवासीयांचा राग साचत गेला आणि दोनदा फुटला. १० फेब्रुवारी १३५५ रोजी, संत स्कोलास्टिका यांच्या दिवशी, ऑक्सफर्डच्या एका मद्यालयात दोघा विद्यार्थ्यांनी वाईट मद्याबद्दल कुरकुर केली, प्याला मालकाच्या तोंडावर गेला, आणि तीन दिवस दंगल चालली. आसपासच्या खेड्यांतील माणसे नगरवासीयांच्या मदतीला धावली. विद्यार्थ्यांची भाड्याची वसतिगृहे फोडण्यात आली. त्रेसष्ट विद्यार्थी मारले गेले असे सांगितले जाते. नगरवासीयही तिशीच्या आसपास. ह्या रक्तपाताचे कारण केवळ मद्य असे कोणी म्हणू नये, आणि केवळ भाडे असेही आम्ही म्हणत नाही. पण ज्या घरांतून आपल्याला वगळले आहे ती घरे दंगलखोरांना चांगली ठाऊक होती. राजाने बाजू घेतली ती विद्यापीठाची. नगराध्यक्ष आणि साठ प्रमुख नागरिकांनी दरवर्षी त्या दिवशी संत मरियेच्या चर्चमध्ये जाऊन मृतांसाठी प्रार्थना करावी आणि प्रत्येकी एक पेनी अर्पण करावी असे ठरले. ही प्रथा १८२५ पर्यंत, जवळजवळ पावणेपाचशे वर्षे चालली. उभयपक्षी समेट झाला तो १९५५ मध्ये, त्याच १० फेब्रुवारीला. विद्यापीठाने नगराध्यक्षांना सन्माननीय पदवी दिली आणि नगराने कुलगुरूंना मानाचे नागरिकत्व.

दुसरा स्फोट केंब्रिजमध्ये, १३८१ च्या जूनमध्ये. लोकांनी चर्चमधील पेटी फोडून विद्यापीठाच्या सनदा बाहेर काढल्या आणि भर बाजारात जाळल्या. त्याच उठावात ख्रिस्तशरीर कॉलेज लुटले गेले. नवल असे, की हे एकच कॉलेज नगरातील लोकांच्या दोन भक्तमंडळांनी १३५२ मध्ये स्वतः स्थापन केले होते. मग त्याच्यावरच राग का? इतिहासकार कारण देतात ते 'मेणबत्तीच्या भाड्या'चे. नगरातील अनेक घरांवर ह्या कॉलेजचा हक्क होता आणि त्या घरांतील लोकांकडून वेदीवरील मेणबत्त्यांच्या नावाने भाडे वसूल होई. ज्यांच्या आज्यांनी त्या मेणबत्त्या भक्तीने लावल्या होत्या, त्यांच्याच नातवांना त्या मेणाचा चटका बसत होता.

विद्यार्थ्याला बाजारातील भाड्यातून मोकळे करण्याचा दुसराही मार्ग ख्रिस्ती जनांनी शोधला होता आणि तो आम्हाला अधिक भावतो. ११८० मध्ये लंडनचा एक जोसियुस नावाचा गृहस्थ जेरुसलेमची यात्रा करून परतताना पॅरिसला थांबला. तेथील जुन्या धर्मार्थ रुग्णालयातील एका खोलीत गरीब विद्यार्थ्यांना आसरा दिला जात असे. त्याने ती खोली पैसे देऊन घेतली आणि अठरा विद्यार्थ्यांसाठी कायमची राखून ठेवली. त्यांच्याकडून भाडे घ्यावयाचे नाही. रुग्णालयात कोणी मरण पावले की विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने क्रूस आणि पवित्र पाणी घेऊन प्रेतापुढे चालावे, एवढीच अट. पॅरिसमधील पहिले कॉलेज हे असे, एका खोलीचे. रॉबेर द सोर्बों यांचे कॉलेज १२५७ चे, ऑक्सफर्डचे मर्टन १२६४ चे. पंधराव्या शतकाच्या आरंभी तर ऑक्सफर्डने नियमच केला, की विद्यार्थ्याने गावकऱ्याच्या घरात सुटी खोली घेऊन राहू नये; तशी राहणारी मुले दिवसा झोपतात आणि रात्री मद्यालयात भटकतात अशी तक्रार होती. आमच्या समितीतील बाईंना हा नियम वाचून दाखविला, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाही असेच!"

ही सारी जुनी धूळ असे कोणी म्हणेल, पण इटलीचा १९९८ चा भाडेकायदा पाहावा. कुटुंबासाठी साधारण चार वर्षांचा करार आणि त्यापुढे आणखी चार वर्षे. विद्यार्थ्यासाठी मात्र वेगळा करार, सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, आणि त्याचे भाडे मालकांच्या आणि भाडेकरूंच्या संघटनांनी मिळून ठरविलेल्या मर्यादेत. व्हेर्चेल्लीतील त्या चौघांची येथे आठवण होते. फरक इतकाच, की आता भाडेकरूंच्या संघटनेलाही खुर्ची आहे. इंग्लंडमध्ये २०२५ साली जो नवा कायदा संमत झाला, त्याने मुदतीचे करार संपवून भाडेकरूला कारणाशिवाय काढता येणार नाही असे ठरविले. परंतु पूर्णवेळ विद्यार्थ्यांनी वाटून घेतलेल्या घरांपुरता एक अपवाद ठेवला: मालकाने आधी तशी लेखी कल्पना दिली असेल, तर १ जून ते ३० सप्टेंबर ह्या काळात घर रिकामे करून घेता येईल, म्हणजे पुढच्या वर्षाच्या मुलांना ते देता येईल. वाचकांनी पुन्हा संत बार्नबा यांचा सण आणि मरियेचा जन्मोत्सव आठवून पाहावेत. सातशे वर्षांत विद्यार्थ्यांची सुट्टी काही हललेली नाही.

दोन्ही कायद्यांत गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे. विद्यार्थ्याला घर हवे असते ते वर्षाचे, आणि संसाऱ्याला हवे असते ते मुलीची शाळा सुटेपर्यंतचे. मालकाच्या दृष्टीने पहिला सोयीचा. तो येतो, डोईप्रमाणे पैसे देतो आणि जातो. ही सोय जेथे मोकळी सोडली जाते तेथे गल्लीच्या गल्ली कुटुंबांकडून मुलांकडे जाते, शाळेचे पट घटतात, आणि मेमध्ये दिवेही लागत नाहीत. आणि जेथे सोय नाकारली जाते, तेथे 'आम्ही फक्त फॅमिलीला देतो' ही पाटी वाचत आमच्याच धर्मग्रामांतून शिकावयास गेलेली मुले पुण्याच्या पेठांतून उन्हात हिंडतात. त्यांचे आईवडील रविवारी मिस्सानंतर आमच्यापाशी येऊन विचारतात, "फादर, तिकडे कोणी ओळखीचे आहे का?"

पुढील बैठकीत आम्ही १२१४ चे ते प्रायश्चित्त समितीला वाचून दाखविले. ज्येष्ठ गृहस्थ निम्म्या भाड्यापाशी येताच खुर्चीत सावरून बसले. "फादर, आपण कोणाला फाशी दिलेली नाही," ते म्हणाले. खरेच होते ते. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी विहिरीकडील दोन खोल्या मधली भिंत काढून रेल्वेतील गृहस्थांना द्याव्यात आणि करार अकरा महिन्यांचा असला, तरी पुढील नूतनीकरणाची हमी कागदावर लिहावी, असे ठरले. उरलेल्या खोलीत नऊ मुले मावणे शक्य नव्हते. तिघांना ती मिळाली, सहा जणांना मिळाली नाही. त्या सहांपैकी दोघे अजून लोकलने रोज दोन-दोन तास प्रवास करतात हे आम्हाला ठाऊक आहे.

भाडे ठरविण्यासाठी चौघे नेमले: समितीतले दोघे, त्या तीन मुलांपैकी एक, आणि रेल्वेतील गृहस्थांच्या पत्नी. त्यांची पहिली बैठक ओट्यावरच झाली. पाण्याच्या पंपाचे बिल डोईप्रमाणे वाटावे की खोलीप्रमाणे, यावर ती इतकी लांबली, की रोझरीची घंटा झाली तरी कोणी उठेना. विषय अजून मिटलेला नाही. येत्या रविवारी चौघे पुन्हा बसणार आहेत, आणि मुलाने आपल्या बाजूचा हिशेब वहीच्या दोन पानांवर मांडून आणला आहे.